बांधावर, बांधाजवळ, बांधापलीकडे : डच भाषेतले चिमुकले शब्द

मुलांनो, आज आधी एक गाळलेली जागा भरा बरं!

'पाणी बांधा_____ आहे.'

काय भरलंत? 'बांधापलीकडे आहे' असं लिहिलं असेल, तर निवांत झोपा. 'बांधाजवळ आहे' असं लिहिलं असेल, तर जरा लक्ष ठेवायला हवं. पण 'बांधावर आहे' असं लिहिलं असेल, तर पुस्तकं माळ्यावर टाका आणि पळा! पाणी तेच, बांधही तोच. बदललं काय? फक्त मागचं एवढंसं शेपूट. पण त्या शेपटानेच ठरलं, की गाव सुखात आहे की संकटात.

मराठीच्या तासाला या शेपटांची ओळख तुम्हाला झालेली आहे. वर, खाली, जवळ, पुढे, मागे, पलीकडे ही शब्दयोगी अव्ययं. आणि ने, ला, त, हून, चा हे विभक्तीचे प्रत्यय. परीक्षेत दोन गुणांना येतात म्हणून आपण ते पाठ करतो आणि विसरून जातो. पण दुसरी भाषा शिकायला बसलं, की पहिली ठेच लागते ती याच चिमुकल्या शब्दांची. आज आपण डच भाषेतले असे शब्द पाहणार आहोत.

डचच का? त्यासाठी आधी आमच्या कामोठ्याला या.

खाडीकाठची दोन भावंडं

आज कामोठ्यात उंच इमारती दिसतात. पण हा सगळा पट्टा खाडीकाठचा आहे. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून इथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालत आले. बांधात एक दरवाजा ठेवायचा. त्याला म्हणतात 'उघाडी'. भरती आली की उघाडी बंद, ओहोटी लागली की उघडी. म्हणजे खाडीचं पाणी आत येत नाही आणि पावसाचं पाणी बाहेर जातं. रायगड जिल्ह्यात अशा उघाड्या आजही पाहायला मिळतात.

पुढे १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई उभी राहू लागली. सखल जमिनीत शहर वसवायचं, तर पावसाच्या पाण्याचं काय करायचं? तेव्हा धारण तलाव बांधले गेले. भरतीच्या वेळी खाडीकडची दारं मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, आणि ओहोटीला ते खाडीत निघून जातं. शेजारच्या कळंबोलीतला मोठा तलाव याच कामाचा आहे. ही पद्धत घेतली ती डच लोकांकडून, म्हणजे नेदरलँड्स या देशाकडून. आपण त्याला हॉलंड असंही म्हणतो.

नेदरलँड्सची साधारण चौथाई जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. तिथे बांधाला म्हणतात 'डेइक'. सगळं ठीक असतं तेव्हा पाणी 'आख्टर ड डेइक' असतं, म्हणजे बांधामागे. पण ३१ जानेवारी १९५३ ची रात्र वादळाची होती. पाणी 'ओव्हर ड डेइक' आलं, म्हणजे बांधावरून आत आलं. कित्येक ठिकाणी बांध फुटले. त्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. 'आख्टर' आणि 'ओव्हर' या दोन लहानशा शब्दांत केवढं अंतर आहे, पाहा!

बाई, छोटे शब्दच फसवतात!

आता तुम्ही म्हणाल, बाई, पण आम्हाला डच कशाला हवी? तर ऐका. आपल्याकडची पुष्कळ मराठी कुटुंबं नोकरीनिमित्त नेदरलँड्सला जातात. आईबाबांचं काम इंग्रजीत चालून जातं. पण मुलं जर तिथल्या साध्या सरकारी शाळेत गेली, तर सगळं शिक्षण डचमध्ये. तिथे चौथ्या वर्षी शाळा सुरू होते आणि पाचव्या वर्षापासून ती सक्तीची असते. नवीन आलेल्या मुलांसाठी भाषेचे वेगळे वर्गही असतात.

आमच्या शाळेतली पाचवीतली एक मुलगी अशीच तिकडे गेली. जाण्याआधी तिने दोनशे शब्द पाठ केले होते. टाफेल म्हणजे टेबल, टास म्हणजे दप्तर, बूक म्हणजे पुस्तक. पहिल्या आठवड्यात बाईंनी वर्गाला काही सांगितलं. तिला 'टास' कळलं, 'टाफेल' कळलं. तिने मोठ्या आनंदाने दप्तर टेबलावर ठेवलं. आजूबाजूला पाहते तर काय, सगळ्यांची दप्तरं टेबलाखाली! बाई म्हणाल्या होत्या 'ऑन्डर ड टाफेल', हिने ऐकलं 'ऑप ड टाफेल'. कुणी रागावलं नाही, पण दोन मुलं हसली आणि हिला मात्र दिवसभर बोलावंसं वाटेना.

रविवारी तिचा मला फोन आला. म्हणाली, "बाई, मोठे शब्द येतात हो. छोटे शब्दच फसवतात."

अगदी खरं बोलली पोर! मग तिच्या निमित्ताने मीही डच शिकायला बसले. दर रविवारी फोनवर आमची अर्धा तास शाळा. त्या शाळेत जे सापडलं, ते तुम्हाला सांगते. (उच्चार मराठी अक्षरांत जवळपासच उतरतात. 'ख' मात्र घशातून खरवडून काढा, 'ख़बर' मधल्यासारखा.)

पुढे बसणारे शब्द

पहिली गोष्ट जागेची. मराठीत आपण म्हणतो 'टेबलावर'. आधी टेबल, मग वर. डचमध्ये म्हणतात 'ऑप ड टाफेल'. आधी वर, मग टेबल. (मधला 'ड' म्हणजे इंग्रजीतल्या 'द' सारखा. काही नामांपुढे 'ड' येतो, काहींपुढे 'हेट'.) म्हणून या शब्दांना डचमध्ये नाव आहे 'फोरझेट्सल'. 'फोर' म्हणजे पुढे, आणि 'झेट्सल' म्हणजे ठेवलेली वस्तू. नावातच सगळं व्याकरण आलं की नाही!

दुसरी गोष्ट तर आपल्या फायद्याची. मराठीत शेपूट लावायचं तर आधी शब्दाचं रूप बदलावं लागतं. पूल, पण पुलावर. शाळा, पण शाळेत. घोडा, पण घोड्याजवळ. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो. डचमध्ये नामाला काही होत नाही. 'हौस' म्हणजे घर, आणि 'इन हेट हौस' म्हणजे घरात. घर जसंच्या तसं! तेव्हा तुम्ही अवघड गड आधीच चढून आलेले आहात. कुणी डच मुलगा मराठी शिकायला बसला, तर घाम त्याला फुटेल.

कंपासपेटी घ्या, खोडरबर घ्या

आता नुसतं वाचू नका. कंपासपेटी आणि खोडरबर समोर घ्या. खोडरबर सांगितलेल्या जागी ठेवा आणि शब्द मोठ्याने म्हणा.

इन : पेटीच्या आत
ऑप : पेटीवर, पेटीला टेकून
बोव्हन : पेटीच्या वर, पण न टेकता (हातात धरा)
ऑन्डर : पेटीखाली
फोर : पेटीपुढे
आख्टर : पेटीमागे
नास्ट : पेटीच्या शेजारी, अगदी बाजूला
बेइ : पेटीजवळ, आसपास कुठेही
टुसन : पेटी आणि वही यांच्या मध्ये
औट : पेटीतून बाहेर

दहा शब्द झाले. उद्या सकाळी दात घासताना हेच शब्द ब्रश आणि पेल्यावर म्हणा. शब्द हाताने शिकला की सहसा विसरत नाही.

'ऑप' आणि 'बोव्हन' यांचा फरक कळला ना? आपल्याकडेही तो आहे. 'पुस्तक टेबलावर आहे' आणि 'दिवा टेबलाच्या वर आहे'. एक टेकलेलं, एक अधांतरी. आपण रोज हा फरक करतो, पण तो करतो आहोत हे आपल्याला ठाऊकच नसतं! परकी भाषा शिकण्यातला एक मोठा लाभ हाच. ती आपल्याच भाषेकडे पाहायला आरसा देते.

'टुसन' साठी आमच्या हार्बर मार्गाचं वाक्य मी बनवलं. 'खांदेश्वर लिख्ट टुसन मानसरोवर एन पनवेल.' म्हणजे खांदेश्वर हे मानसरोवर आणि पनवेल यांच्या मध्ये आहे. तुम्ही तुमच्या गावचं बनवा.

खरी मेख इथे आहे

आतापर्यंत सोपं वाटलं? आता नीट बसा. वर म्हणजे ऑप, त म्हणजे इन, ने म्हणजे मेट, अशी यादी पाठ केली की काम झालं, असं वाटतं. तसं होत नाही! एका मराठी शेपटाला एकच डच शब्द, असा हिशेब जुळतच नाही.

'वर' घ्या. पुस्तक टेबलावर, तर ऑप. पण घड्याळ भिंतीवर टांगलंय, तर 'आन ड म्यूर'. टांगलेल्या, जोडलेल्या गोष्टीला 'आन'. तीच भिंत आणि तिच्यावर माशी बसली, तर पुन्हा 'ऑप'. आणि पुलावरून चालत गेलात, तर 'ओव्हर ड ब्रुख'. आपल्या एका 'वर' साठी त्यांचे तीन शब्द.

'त' घ्या. 'मी शाळेत आहे' आणि 'मी शाळेत जाते', दोन्हीकडे आपला 'त' च. डच माणूस आधी विचारतो, तू तिथे पोचलीस, की वाटेवर आहेस? पोचली असलीस, तर 'ऑप स्खोल'. निघाली असलीस, तर 'नार स्खोल'. 'नार' म्हणजे एखाद्या ठिकाणाकडे. 'इक खा नार हौस' म्हणजे मी घरी जातो. (यातलं 'खा' म्हणजे जातो. खाऊ मागू नका!)

उलटही होतं. आपण बसने जातो, पेन्सिलीने लिहितो आणि आईबरोबर बाजारात जातो. 'ने' आणि 'बरोबर' असे आपले दोन वेगळे शब्द. डचमध्ये तिन्ही ठिकाणी एकच 'मेट'.

आणि 'ओव्हर' तर बहुरूपीच! 'ओव्हर ड ब्रुख' म्हणजे पुलावरून. 'ओव्हर फेइफ मिन्यूटन' म्हणजे पाच मिनिटांनी. आणि 'बूक ओव्हर डीरन' म्हणजे प्राण्यांविषयीचं पुस्तक. प्राण्यांच्या अंगावर ठेवलेलं पुस्तक नव्हे!

मग करायचं काय? एकच युक्ती. सुटा शब्द पाठ करायचा नाही, त्याच्या सोबत्यासकट पाठ करायचा. 'आन' नाही, 'आन ड म्यूर'. 'ऑप' नाही, 'ऑप ड फीत्स', म्हणजे सायकलवर. माणूस ओळखायचा तर त्याच्या घरच्यांत पाहावा, तसं हे. माझ्या विद्यार्थिनीने वहीतली जुनी यादी बंद केली आणि रोज पाच जोड्या लिहायला सुरुवात केली. दप्तर आणि टेबल तर ती आता जन्मात विसरणार नाही.

घड्याळातली गंमत

वेळ सांगतानाही हेच शब्द लागतात. आठ वाजता म्हणजे 'ऑम आख्ट यूर'. सोमवारी म्हणजे 'ऑप मानडाख'. जून महिन्यात म्हणजे 'इन यूनी'. लक्षात ठेवा, वाजण्याला ऑम, वाराला ऑप, महिन्याला आणि वर्षाला इन.

पावणेआठला म्हणतात 'क्वार्ट फोर आख्ट', आठच्या आधी पाव तास. सव्वाआठ म्हणजे 'क्वार्ट ओव्हर आख्ट', आठ उलटून पाव तास. आपल्या पावणे आणि सव्वासारखंच की!

पण सावधान. 'हाल्फ आख्ट' म्हणजे किती? साडेआठ? चूक! साडेसात! डच माणूस म्हणतो, आठव्या तासाचा अर्धा भाग झाला. कुणी 'हाल्फ आख्ट' ला बोलावलं आणि तुम्ही साडेआठला गेलात, तर सगळे जेवून हात धुऊन बसलेले असतील.

आडनावात आणि गावांतही!

लिव्हरपूलकडून आणि नेदरलँड्सकडून खेळणारा फुटबॉलपटू व्हर्जिल व्हॅन डाइक तुम्हाला ठाऊक असेल. त्याच्या आडनावाचा डच उच्चार 'फान डेइक'. 'डेइक' म्हणजे बांध, हे आता तुम्हाला येतं. आणि 'फान' म्हणजे चा, हून, पासून. म्हणजे त्याचं आडनाव झालं 'बांधावरचा'. आपल्या पनवेलकर, वेंगुर्लेकर यांतला 'कर' तसाच त्यांचा 'फान'. आपला मागे लागतो, त्यांचा पुढे बसतो, एवढंच. स्वतः केलेल्या भिंगातून सूक्ष्मजीव पाहणारे अँटनी फान लेव्हेनहूक (१६३२ ते १७२३) विज्ञानात भेटतात ना? त्यांच्या आडनावाचा अर्थ 'सिंहाच्या कोपऱ्यावरचा'.

तिथल्या गावांची नावंही अशीच. 'आल्फन आन डेन रेइन', म्हणजे ऱ्हाइन नदीकाठचं आल्फन. 'काटवेइक आन झे', म्हणजे समुद्राकाठचं काटवेइक. काठाला 'आन' लागतो, हे तुम्ही आता नकाशावरूनसुद्धा शिकू शकता.

जेव्हा डच मराठीसारखी वागते

सगळ्यात गमतीची गोष्ट मी शेवटी राखून ठेवली आहे. डचमध्ये 'त्यावर' कसं म्हणतात? नियमाप्रमाणे 'वर' आधी आणि 'त्या' नंतर यायला हवं. पण नाही! म्हणतात 'डारऑप'. 'डार' म्हणजे तिथे किंवा त्या, 'ऑप' म्हणजे वर. डारऑप, त्यावर. डारइन, त्यात. डारऑन्डर, त्याखाली. वारइन, कशात. एकदम मराठी थाट! इथे 'मेट' चं मात्र 'मे' होतं. त्याने किंवा त्यासह म्हणजे 'डारमे'. म्हणजे तेही थोडं रूप बदलतातच. एक पथ्य मात्र आहे. हे फक्त वस्तूंसाठी. माणसासाठी पुन्हा 'मेट' पुढे. 'मेट हेम', त्याच्याबरोबर.

आणखी एक. 'बॉस' म्हणजे जंगल. 'इक लोप इन हेट बॉस' म्हणजे मी जंगलात चालतो आहे, आधीपासून आतच आहे. आणि 'इक लोप हेट बॉस इन' म्हणजे मी बाहेरून जंगलात शिरतो आहे. 'इन' ने पुढची जागा सोडून मागची धरली, की माणूस बाहेरून आत आला! तसंच 'ड ट्राप ऑप' म्हणजे जिना चढून वर. मागे येणारा शब्द आपल्याला परका नाही. आपण तर जन्मापासून तसंच बोलतो.

तीनशे वर्षांपूर्वीचा विद्यार्थी

हा अभ्यास एकाच बाजूने झालेला नाही बरं का. डच व्यापारी आपल्या किनाऱ्यावर फार पूर्वी आले. वेंगुर्ल्याला त्यांनी १६३७ मध्ये वखार उघडली. त्या डच वखारीचे अवशेष तिथे आजही उभे आहेत. त्याच डच कंपनीच्या नोकरीत सुरत आणि आग्र्याला राहिलेला एक माणूस होता, योआन योसुआ केटेलार. त्याने १६९८ च्या सुमारास हिंदुस्थानी भाषेचं व्याकरण डच भाषेत लिहिलं. हिंदुस्थानीचं माहीत असलेलं हे सर्वांत जुनं व्याकरण मानतात.

विचार करा, ज्याच्या भाषेत हे शब्द नामाच्या पुढे बसतात, त्याला 'घर में', 'घर से' शिकायचं होतं. हाताशी शब्दकोश नाही, भ्रमणध्वनी नाही. बाजारात ऐकायचं, विचारायचं आणि लिहून ठेवायचं. त्याला जमलं, मग आपल्याला का जमू नये?

तुमच्यापैकी काही जण उद्या नेदरलँड्सला जातील, काही चेन्नईला, काही बंगळूरला. बरेच जण इथेच राहतील आणि एखाद्या दिवशी तुमच्या वर्गात परभाषेतला नवा मुलगा येऊन बसेल. 'पुस्तक दप्तरात ठेव' म्हटल्यावर तो दप्तरावर ठेवील. तेव्हा हसू नका. त्याला मोठे शब्द कळलेत, छोटा तेवढा हुकला, हे तुम्हाला आता माहीत आहे. खोडरबर घ्या, कंपासपेटी घ्या आणि करून दाखवा.

पाहू या जमतं का!

इन, ऑप, आन, नार, मेट, टुसन यांपैकी योग्य शब्द भरा. प्रत्येक शब्द एकदाच वापरायचा.

१. हेट बूक इस ____ ड टास. (पुस्तक दप्तरात आहे.)
२. इक खा ____ स्खोल. (मी शाळेत जातो.)
३. ड क्लॉक हांग्ट ____ ड म्यूर. (घड्याळ भिंतीवर टांगलं आहे.)
४. इक खा ____ ड बुस. (मी बसने जातो.)
५. ____ मानडाख. (सोमवारी.)
६. खांदेश्वर लिख्ट ____ मानसरोवर एन पनवेल.

उत्तरं : १. इन २. नार ३. आन ४. मेट ५. ऑप ६. टुसन

सहाही बरोबर आली? शाब्बास! तिसऱ्यात 'ऑप' लिहिलं असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा आणि पाच वेळा म्हणा, 'आन ड म्यूर, आन ड म्यूर...'